पहिल्या डावाची आघाडी

१५ ऑक्टोबर २०२५ ला तिरुवनंतपुरममध्ये महाराष्ट्राचा रणजी हंगाम सुरू होतोय, समोर केरळ. आमच्या हर्सूलमध्ये ही तारीख किती जणांच्या लक्षात असेल, सांगता येत नाही. माझ्या मात्र जुलैपासून डोक्यात आहे. आमच्या गटात केरळशिवाय सौराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, पंजाब, गोवा आणि चंडीगड आहेत. सात सामने होतील आणि गटातले पहिले दोन संघ पुढे जातील. लोक विचारतात, यंदा आपलं कसं काय? मी त्यांना उलट विचारतो, पहिल्या डावाचं लीड किती सामन्यांत मिळेल असं वाटतं तुम्हाला?

रणजी न बघणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं. निर्णायक विजयाला ६ गुण. डावाने किंवा दहा गडी राखून जिंकलात तर आणखी १. पण चार दिवसांत दोन्ही संघांचे वीस-वीस गडी बाद होतातच असं नाही; खेळपट्टी पाटा असली, मध्ये पाऊस किंवा धुकं आलं की सामना अनिर्णित राहतो. अशा वेळी पहिल्या डावात पुढे असलेल्याला ३ गुण मिळतात, मागे राहिलेल्याला १. बाद फेरीत तर सामना अनिर्णित राहिला की आघाडीवाला सरळ पुढे जातो. म्हणून रणजीचं खरं नाट्य बहुतेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी दुपारी घडतं, अकरा नंबरचा फलंदाज खेळायला आलेला असताना. त्या वेळी स्टेडियमवर फार तर दोनेकशे माणसं असतात.

हे बघायला मी शिकलो ते नोकरीमुळे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी शहरातल्या एका मराठी दैनिकात क्रीडा डेस्कवर उपसंपादक म्हणून लागलो आणि निवृत्त होईपर्यंत त्याच डेस्कवर राहिलो. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. टेलिप्रिंटरवर इंग्रजीत धावफलक यायचा, तो मराठीत लावायचा: झे., त्रि. गो., पायचित, धावबाद, अवांतर, आणि शेवटी गडी बाद होण्याचा क्रम. डाक आवृत्तीचं पान लवकर सोडावं लागे, कारण त्या गाड्या बीड, जालना, परभणीकडे जायच्या. रणजीच्या बातमीला एक कॉलम मिळे. त्यातही मुंबईचा सामना वर आणि महाराष्ट्राचा खाली. कसोटी सुरू असली तर आमचा सामना दोन ओळींत उरके.

आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, "शतक कोणाचं ते नंतर बघ. आधी गडी बाद होण्याचा क्रम वाच. सामना तिथं असतो." ती सवय अजून आहे. २१० धावांवर चौथा गडी गेला आणि २३८ वर सगळे बाद झाले, एवढं वाचलं तरी जेवणाच्या सुट्टीनंतर काय घडलं असेल ते डोळ्यांसमोर येतं. उलट सहा बाद ९० वरून ३१० झाल्या असतील तर खाली कोणीतरी दात-ओठ खाऊन उभं राहिलंय हे कळतं. आपल्या संघाचा स्वभाव शतकांपेक्षा या क्रमातून जास्त लवकर ओळखू येतो. महाराष्ट्राचा स्वभाव मी असाच ओळखला: वरच्या फळीत गुणवान फलंदाजांची कधी वाण पडली नाही. प्रश्न नेहमी शेवटच्या चार गड्यांचा राहिला. आपले लवकर जायचे आणि समोरच्यांचे जाता जात नसत.

हा संघ तसा आमचा नव्हताच. महाराष्ट्र राज्य १९६० चं, पण रणजीतला महाराष्ट्र त्याच्याआधीचा. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली त्याने करंडक जिंकला, तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या दुसऱ्या विजेतेपदाच्या वाटेवर पुण्यात मुंबईशी सामना झाला. महाराष्ट्राच्या ६७५, मुंबईच्या ६५०. देवधरांनी २४६ केल्या, वय ४८. पंचवीस धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. दोन डावांत १३२५ धावा, आणि निकाल लागला तो पंचविसांवर! पुण्याचे लोक ही गोष्ट घरच्या आजोबांची सांगावी तशी सांगत. मी ती ऐकायचो आणि मनात म्हणायचो, हे त्यांचं आहे.

भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट त्यानंतरची, डिसेंबर १९४८ ची, म्हणजे मराठवाडा मुक्त झाला त्याच्या तीन महिन्यांनंतरची. पुण्यात काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२. नऊ धावा बाकी असताना जेवणाच्या सुट्टीत काठियावाडच्या संघाने सामना सोडून दिला. रणजीतली ती आजही सर्वोच्च खेळी आहे. या प्रसंगाचा मला जितका राग येतो तितकाच अभिमानही वाटतो.

संघ आपला वाटायला आपल्याकडचा माणूस त्यात असावा लागतो. आमच्यासाठी तो पहिल्यांदा झाला इक्बाल सिद्दीकी. औरंगाबादचा वेगवान गोलंदाज, महाराष्ट्रासाठी वर्षानुवर्षं राबलेला. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध त्याला कसोटी मिळाली, तीच एकमेव. दुसऱ्या डावात भारताला जिंकायला पाच धावा हव्या होत्या. सिद्दीकीला सलामीला पाठवलं आणि पाचही धावा त्यानेच केल्या. त्या रात्री आमच्या डेस्कवर रोजच्यापेक्षा दुप्पट फोन आले. लोक निकाल विचारत नव्हते, तो सगळ्यांना माहीत होता. "आपल्या इक्बालचा फोटो टाकताय ना?" एवढंच विचारत होते. फोटो टाकला, पहिल्या पानावर.

पुढे असे फोन दुसऱ्या नावासाठी येऊ लागले. अंकित बावणे पैठणचा. शाळकरी वयात तो महाराष्ट्राकडून रणजी खेळला. पैठण तालुक्यातले एक गृहस्थ सामना चालू असला की संध्याकाळी फोन करायचे. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट विचारायचे, "बावणेच्या पोरानं किती केल्या हो साहेब?" कमी केल्या असल्या की थोडं थांबून म्हणायचे, "उद्या करंल." मोबाईल आले, स्कोअर हातात आला, तरी त्यांचा फोन बरीच वर्षं येत राहिला. मीही त्यांच्यासाठी आकडा तयार ठेवायचो.

मग जालन्याचा विजय झोल. २०११ मध्ये १९ वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१. धावफलक लावताना मी आकडा पुन्हा पुन्हा तपासला. पैठण आणि जालना, आमच्या शहराच्या दोन बाजूंची दोन गावं. बावणे आणि झोल दोघंही २०१३-१४ च्या हंगामात महाराष्ट्राच्या मधल्या फळीत होते. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातला महाराष्ट्राचा सर्वांत सुंदर हंगाम तोच.

वानखेडेवर मुंबईविरुद्ध उपांत्यपूर्व सामना होता. मुंबई ४०२, आपण २८०. १२२ धावांनी मागे, म्हणजे माझ्या हिशेबाने सामना गेला. आणि मग मुंबईचा दुसरा डाव १२९ वर संपला. २५२ चं लक्ष्य. दोन गडी गेले आणि तिथून पुढे मुंबईला एकही गडी मिळाला नाही. केदार जाधव नाबाद १२०, विजय झोल नाबाद ९१. ज्या संघाने करंडक जवळजवळ घरी बांधून ठेवला होता त्याच्या मैदानावर, आघाडी गमावून, आठ गडी राखून जिंकलो! आघाडीचा माझा नियम मोडला म्हणून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. त्या रात्री महाराष्ट्राची बातमी मी मुंबईच्या वर नव्हे, एकटीच लावली. मुंबई तिच्या पोटात आली. उपांत्य फेरीत इंदूरला समद फल्लाहने बंगालला ११४ वर गुंडाळलं आणि अंतिम सामना हैदराबादला ठरला.

मी रजा काढली आणि अजिंठा एक्स्प्रेसने गेलो. उप्पलच्या त्या प्रचंड स्टेडियममध्ये मोजकी माणसं होती, त्यात मराठी बोलणारे आम्ही एका कोपऱ्यात आपोआप गोळा झालो. नांदेडचे दोघं, सोलापूरचे एक शिक्षक, पुण्याचे काही जण. पहिल्या डावात आपल्या ३०५, त्यात बावणेच्या ८९. ते पुण्याचे लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते आणि मी त्यांना पैठण कुठे येतं ते सांगत होतो. मग कर्नाटकने फलंदाजी सुरू केली. के. एल. राहुल १३१, गणेश सतीश ११७, करुण नायर मागोमाग. आपली आघाडी घ्यायची वेळ कधी आलीच नाही. ते ३०५ च्या पुढे गेले तेव्हा त्यांचे बहुतेक फलंदाज अजून बाकी होते. ५१५ झाल्या. दुसऱ्या डावात केदारने ११२ केल्या, आपण ३६६ पर्यंत गेलो, तरीही कर्नाटक सात गडी राखून जिंकला. सोलापूरचे शिक्षक उठताना म्हणाले, "त्यांना वीस गडी बाद करणारे होते, आपल्याला दहा करणारेही कमी पडले." माझं महाराष्ट्राबद्दलचं निदान त्या वाक्यात जसंच्या तसं होतं.

अंतिम सामने तसे आपण आधीही हरलोय. १९७१ मध्ये मुंबईचे मोठे खेळाडू वेस्ट इंडिजला गेलेले असताना आपण ४८ धावांनी हरलो. १९९३ मध्ये लुधियानात पंजाबने हरवलं; तो धावफलक मी स्वतः लावला होता. १९४१ नंतर करंडक नाही. त्या काळात शेजारी काय झालं बघा. मुंबईची एकूण ४२ विजेतेपदं झाली. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा करंडक नेला. एकाच राज्यात तीन संघ, आणि मधला आमचा.

आपल्याकडून बाहेर गेलेल्यांनीही जिंकलं. हृषीकेश कानिटकर राजस्थानला गेला आणि कर्णधार म्हणून लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकून दिली. बीडचा संजय बांगर रेल्वेकडे गेला आणि त्याच्या नेतृत्वाखाली रेल्वे विजेती झाली. म्हणून यंदा पृथ्वी शॉ मुंबईहून आणि जलज सक्सेना केरळहून आल्यावर काही जण "भाड्याचे खेळाडू" म्हणाले, ते मला अजिबात पटलं नाही. खेळाडूला मैदान आणि कॅप हवी असते. जो आपली कॅप घालून उन्हात चार दिवस उभा राहतो तो आपला.

तरी मोठ्या धावा म्हणजे सगळं नव्हे, हे या संघाने मला वारंवार दाखवलंय. ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे नाबाद ३५१ आणि अंकित बावणे नाबाद २५८, तिसऱ्या गड्यासाठी अखंड ५९४ धावांची भागीदारी. रणजीतली कुठल्याही गड्यासाठीची तोवरची सर्वांत मोठी. २ बाद ६३५ वर डाव सोडला. पुढे ऋषभ पंतने ३०८ केल्या आणि दिल्ली ५९० पर्यंत आली. ज्या दिवशी आम्ही विक्रमाचं शीर्षक लावलं त्याच आठवड्यात ४५ धावांच्या आघाडीसाठी जीव मुठीत धरावा लागला. तीन गुण मिळाले. ते तीन गुण कमावले ते दिल्लीचे शेवटचे गडी घेणाऱ्या, शीर्षकात कुठेच नसलेल्या गोलंदाजांनी.

आणि जानेवारी २०२३. ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध गटातला शेवटचा सामना. आघाडी मिळाली की आम्ही उपांत्यपूर्व फेरीत. आपल्या पहिल्या डावात ३८४. त्यात केदार जाधवने १२८ केल्या. मग मुंबईच्या तळाच्या फलंदाजांनी एकेक धाव जोडत नेली, आणि त्यांचा डाव संपला ३८४ वर. बरोबरी! आघाडी कोणाचीच नाही. दोघांना एकेक गुण, दोघंही बाहेर. निवृत्त झालो होतो तरी त्या रात्री मी वहीत तो सगळा डाव डेस्कवर लावायचो तसा लावला, अवांतर धावांसकट. ८२ वर्षांपूर्वी पंचवीस धावांनी पुढे गेलो होतो, इथे एक धाव हवी होती. देवधरांच्या सामन्याशी माझं नातं खरं तर त्या रात्री जुळलं. तोवर ती पुण्याची आठवण होती.

आता केरळ आपला पहिला प्रतिस्पर्धी आहे म्हणून सांगतो, आघाडी कशी घ्यायची असते हे गेल्या हंगामात केरळनेच दाखवलं. उपांत्यपूर्व सामना आपल्याच गहुंजेच्या मैदानावर होता. जम्मू-काश्मीर २८०, केरळ २८१. शेवटच्या गड्यासाठी सलमान निझार आणि बेसिल थंपी यांनी ८१ जोडल्या. मग अहमदाबादला उपांत्य सामन्यात गुजरात आघाडीपासून तीन धावांवर असताना शेवटच्या फलंदाजाचा फटका शॉर्ट लेगला निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये झेल झाला. दोन धावांची आघाडी. एक आणि दोन, एवढ्या धावांवर केरळ आपल्या इतिहासात पहिल्यांदा अंतिम सामन्यात गेला. अंतिम सामन्यात विदर्भाने त्यांच्यावर ३७ ची आघाडी घेतली आणि करंडक नेला. जलज सक्सेना त्या केरळ संघात होता. रणजीत ६००० धावा करून ४०० बळीही घेणारा पहिला खेळाडू. माझ्या मते यंदाची सर्वांत मोठी भर तोच आहे, शॉपेक्षाही. सात-आठ नंबरला येऊन तो शेपूट लांबवतो आणि तिसऱ्या दिवशी एक बाजू दिवसभर बंद ठेवतो. आपल्याला नेमकं हेच नव्हतं.

शॉबद्दल मला आशा आहे आणि थोडी काळजीही. आसामविरुद्ध त्याने केलेल्या ३७९ निंबाळकरांच्या ४४३ नंतरच्या रणजीतल्या सर्वांत मोठ्या. निंबाळकरांच्या संघात आता तोच आलाय. परवा मुंबईविरुद्धच्या सराव सामन्यात त्याच्या १८१ आणि सोलापूरच्या अर्शीन कुलकर्णीच्या १८६ झाल्या, सलामीला ३०५. सराव सामन्यातल्या धावा मी वहीत लिहीत नाही, पण वाचल्या जरूर. ऋतुराज गायकवाडने दुलीप करंडकात १८४ केल्यात. म्हणजे वरची फळी पुन्हा एकदा उत्तम आहे. वेगवान माऱ्यात मुकेश चौधरी, प्रदीप दाढे आणि रजनीश गुरबानी. गुरबानीने विदर्भाकडून रणजीच्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतलेली आहे. सक्सेनाच्या जोडीला विकी ओस्तवाल. समोरच्यांची शेवटची जोडी फोडणारा मारा हाच की नाही, ते पहिल्या तीन सामन्यांत कळेल.

कर्णधार अंकित बावणे. पैठणचे ते गृहस्थ आता फोन करत नाहीत, मीच त्यांना करतो. निवड कळली तेव्हा केला. "कप्तान झाला ना," म्हणाले, "आता टास जिंकून काय घ्यायचं ते तरी नीट घे म्हणावं." बीडच्या सचिन धसचं नावही मी त्यांना सांगितलं. २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ४ बाद ३२ अशी अवस्था असताना ९६ करणारा. असा मुलगा महाराष्ट्राच्या मधल्या फळीत रुजला तर मला सर्वांत जास्त आनंद होईल, कारण ४ बाद ३२ वरून डाव उभा करणारा माणूस हीच आपली जुनी गरज.

संध्याकाळी हर्सूल तलावाकडे फिरायला जातो तेव्हा वाटेतल्या मोकळ्या जागांवर टेनिस बॉलचे सामने चालू असतात. दहा-दहा षटकांचे. या मुलांना आयपीएलच्या दहाही संघांचे खेळाडू पाठ आहेत. त्यातली दोघं शहरात लेदर बॉलच्या सरावाला जातात. एक यष्टिरक्षक आहे, वडील चिकलठाण्याच्या कंपनीत. १६ वर्षांखालच्या निवड चाचणीला पुण्याला गेला तेव्हा दोन दिवसांचा मुक्काम, किट आणि प्रवास यात वडिलांचा अर्धा पगार गेला. निवड झाली नाही. तो सराव करतोच आहे. पुण्याच्या मुलाला चाचणी शहरातल्या शहरात मिळते. बीड, पैठण, जालन्याच्या मुलाला आधी घरचा हिशेब जुळवावा लागतो. म्हणून माझी मागणी आहे की चाचण्यांचा पहिला टप्पा दर वर्षी मराठवाड्यातच व्हावा. आणि महाराष्ट्राचा एक तरी रणजी सामना या मुलांना सायकलवरून जाऊन बघता यावा, आमच्या गरवारे मैदानावर. बावणे आपल्या गावापासून तासाभरावर चार दिवस खेळताना ज्यांनी पाहिला, ती मुलं टेनिस बॉल सोडून लेदर बॉल हातात घेतील याची मला खात्री आहे.

या दोघांना मी वही दाखवली. गडी बाद होण्याचा क्रम कसा वाचायचा ते यष्टिरक्षकाला लगेच उमगलं. त्याने ३८४-३८४ चा सामना शोधून काढला आणि विचारलं, "काका, यात बाय किती दिले?" असा प्रश्न मला डेस्कवरही कोणी विचारला नव्हता.

माझा अंदाज असा: सातपैकी तीन निर्णायक विजय आणि उरलेल्यांपैकी तीन सामन्यांत आघाडी. सत्तावीस-अठ्ठावीस गुण होतात, एवढ्यावर बाद फेरी सहसा मिळते. कर्नाटक आणि सौराष्ट्राविरुद्ध आघाडी जाऊ शकते. केरळ, गोवा आणि चंडीगडविरुद्ध ती जाऊन चालणार नाही. नोव्हेंबरनंतर पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धांसाठी मोठी सुट्टी आहे, शेवटचे दोन सामने जानेवारीत. त्या सुट्टीत लय बिघडली नाही तर फेब्रुवारीत आपण उपांत्यपूर्व फेरीत असू. सामना कुठेही असो, मी जाणार आहे. ही दोन पोरंही यायचं म्हणतायत. त्यातल्या एकाची दहावी आहे, बोर्डाच्या तारखा बघून तिकिटं काढू.